कॅनडाच्या फुटबॉलमध्ये बचावपटू व्हायचं : कबड्डीवाल्याला वाट आहे का?

सांगली_कोपरा
आमच्या संघातला डावा कोपरा, वय 21, वजन 84 किलो, घोट्याची पकड एक नंबर. मोबाईलवर सीएफएलचे (कॅनडाची व्यावसायिक फुटबॉल लीग; हा चेंडू हातात घेऊन पळायचा, रग्बीसारखा खेळ) सामने बघून तिथं जायचं खूळ डोक्यात घेतलंय. भारतीयाला रीतसर वाट आहे का? कुठल्या जागेची तयारी करावी?

कृष्णाकाठ
वाट आहे, पण अरुंद. कॅनडा-अमेरिकेबाहेरच्यांसाठी ग्लोबल ड्राफ्ट असतो, म्हणजे संघ पाळीपाळीनं खेळाडू निवडतात. त्यात ऑस्ट्रेलियाचे पंटर (चेंडू लाथेनं लांब मारणारे) बरेच निवडले जातात. पॅड-हेल्मेट घालून खेळलेल्या पूर्ण सामन्यांचं चित्रण नसेल तर कुणी विचारत नाही. कबड्डीचे व्हिडिओ पाठवून काही होणार नाही.

जागेचं म्हणाल तर बचावात 12 जण : साधारण 4 लाइनमन (अगदी पुढे धडक घेणारे), त्यांच्या मागे 3 लाइनबॅकर, सगळ्यात मागे पास अडवणारे 5. लाइन विसरा, 84 किलोत चिरडला जाईल. लाइनबॅकरला 95-100 किलो लागतं, उंचीचं मात्र फार मनावर घेऊ नका. अ‍ॅडम बिगहिल 5 फूट 10 इंचांचा, तरी 2015, 2018 आणि 2021 मध्ये लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. आहे त्या वजनात हाफबॅक बघा, म्हणजे मागच्या पाचांतली एक जागा.

तालमीचा_गडी
घोट्याची पकड आधी सोडवा त्याची! कबड्डीत चढाईवाला समोर थांबून हूल देतो. इथं गडी सुसाट येतो, खाली वाकलात की गुडघा तोंडावर. कुस्तीसारखा पायांना वेढा घालून पट काढायला शिकवा. नजर कमरेवर (खांदे फसवतात), जवळ जाताना पावलं आखूड, जो पाय पुढे तोच खांदा लावायचा, डोकं त्याच्या मांडीच्या मागच्या बाजूला, दोन्ही हातांनी वेढा घालून पुढे 4-5 पावलं रेटत राहायचं. मान खाली घालून धडकलं तर सगळा भार मणक्यावर येतो. हेल्मेट कवटी वाचवतं, मान नाही.

सांगली_कोपरा
आणि हाफबॅक व्हायचं तर कबड्डीवाल्याला नेमकं काय येत नसतं?

कृष्णाकाठ
उलटं पळणं! कबड्डीचं मैदान 13 बाय 10 मीटर, तिथं बाजूला सरकण्यात तो तरबेज असणारच. पण सीएफएलचं मैदान 65 यार्ड, म्हणजे जवळपास 60 मीटर रुंद, आणि रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) चेंडू सुटून डाव सुरू व्हायच्या आधीच, डाव जिथून सुरू होतो त्या रेषेकडे धावत यायची मुभा. याला वॅगल म्हणतात. हाफबॅक उभा असताना समोरचा पूर्ण वेगात असतो.

शिवाजी स्टेडियमवर चुन्याची एक रेष मारा. एकाला 10 मीटर मागून धावत आणा, आपल्या पोराला रेषेपलीकडे 9-10 मीटरवर उभा करा. त्यानं उलटं पळायचं, रिसीव्हर 2-3 मीटरवर येईपर्यंत कंबर वळवायची नाही. हमखास चूक म्हणजे टाचांवर उभं राहणं आणि घाईनं वळणं. एकदा वळला की आतल्या बाजूचा पास गेला.

माण_खटाव
एक राहिलं. नव्या गड्याला सुरुवातीला पंटमागे, म्हणजे आपल्या संघानं लाथेनं लांब मारलेल्या चेंडूमागे, धावायलाच घेतात. तिथं चेंडू झेलणाऱ्यानं हात लावेपर्यंत 5 यार्ड लांब थांबावं लागतं, नाहीतर दंड. कोपऱ्याला झेपावायची सवय, तो हमखास आत घुसणार. झेलणाऱ्याभोवती 5 यार्डांचं वर्तुळ आखून आत्तापासून थांबायला लावा.