बुकलेट, सुटं पेन, मिनिएचर शीट: लिस्टिंगमध्ये कुठे काय टाकायचं?

गिरगाव_टपाल: टपाल तिकिटांच्या जुन्या संग्रहातला लॉट ऑनलाइन विकायला लावायचा आहे. ब्रिटनची १९७१ची १० पेन्सवाली शिवलेली मेचिन (राणीच्या चेहऱ्याची साधी तिकिटं) बुकलेटं, ४-४ तिकिटांची सुटी पेनं, म्हणजे बुकलेटातली तिकिटांची पानं (काहींची मार्जिन, म्हणजे शिवणीकडची कोरी पट्टी, फाटलेली), अमेरिकेचे २० तिकिटांचे स्वयंचिकट संच आणि भारताच्या मिनिएचर शीट (मोजक्या तिकिटांची छोटी खास शीट). सगळं 'बुकलेट'खाली टाकलं तर चालेल का?

दातेरी_कडा: नाही. कव्हर शाबूत आणि आतलं एकही पान गेलेलं नाही, तरच बुकलेट. पानं मोजून थांबू नका, तिकिटांच्या किमतींची बेरीज करा. तुमच्या १० पेन्सवाल्यात दोन पेनं हवीत: एकात ½ पेनीची २ आणि २ पेन्सची २, दुसऱ्यात १ पेनीची २ आणि १½ पेन्सची २. म्हणजे ५ अधिक ५. बेरीज ५वरच थांबली तर एक पान कुणीतरी काढलंय.

अमेरिकेच्या जुन्या बुकलेटांना ही बेरीज एका सेंटने चुकते, ती चूक नव्हे. २ सेंटची ४८ तिकिटं ९७ सेंटला विकायचे, वरचा सेंट बुकलेटापोटी.

मार्जिन फाटलेली पेनं मात्र पेन म्हणून लावू नका, 'चौकडी' (चार तिकिटांचा जोड) लिहा.

फोर्ट_फिलाटेली: शेवटच्या मुद्द्याशी असहमत. ½ आणि २ पेन्सची अशी २×२ चौकडी बुकलेटातूनच येते, तेव्हा ती पेनच. 'मार्जिन नाही' हे शीर्षकातच लिहा आणि किंमत उतरवा. एकाच किमतीची चौकडी असेल तर तुमचं बरोबर, ती साध्या शीटमधलीही असू शकते.

त्याहून जास्त भांडणं दात्यांवरून, म्हणजे तिकिटाच्या कडेच्या छिद्रांवरून, होतात. बुकलेटं कापताना पातं दात्यांवरून जातं, एका बाजूचे दाते अर्धे उडतात. चारही कडांचा जवळून फोटो द्या, नाहीतर पार्सल परत येणार.

'पेन' शब्दाचा घोळही आहे. अमेरिकेत खिडकीवर मिळणाऱ्या २० तिकिटांच्या साध्या शीटलाही पेनच म्हणतात. तुमचे संच उलटून बघा: दोन्ही बाजूंना तिकिटं आणि मधे घडी असेल तर बुकलेट, पाठ कोरी आणि घडी नाही तर शीट. (मराठीत नुसतं 'पेन' लिहिलंत तर शाईची पेनं विचारणारेही येतील. 'बुकलेट पेन' लिहा.)

गिरगाव_टपाल: आणि कॅटलॉग नंबर?

दातेरी_कडा: चौकडीचं पटलं. नंबर देताना कॅटलॉगचं नाव लिहाच. गिबन्समध्ये बहुतेक देशांच्या बुकलेटला एसबी, मिनिएचर शीटला एमएस. स्कॉटमध्ये बुकलेटला बीके, आणि पेनला तिकिटाच्याच नंबरापुढे छोटं अक्षर, उदाहरणार्थ अमेरिकेच्या लिंकनच्या ४ सेंटचं ६ तिकिटांचं पेन १०३६ए. मिशेलमध्ये बुकलेट एमएच.

भारताच्या मिनिएचर शीट, १९७३च्या इंडिपेक्स तिकीट प्रदर्शनापासूनच्या सगळ्या, 'शीट'मध्ये. 'माय स्टॅम्प'ची (स्वतःचा फोटो छापून घ्यायची) १२ तिकिटांची असतील तर त्यांना शीटलेट म्हणा, मिनिएचर नव्हे.

फोर्ट_फिलाटेली: लॉटमध्ये पिनवाली बुकलेटं निघाली तर मुंबईच्या हवेत पिन गंजलेलीच असणार. ती उपसू नका. पिन काढलेलं बुकलेट पूर्ण धरत नाहीत, आणि गंजाचा डाग पानात उतरलेला असतो तो तसाही जात नाही. पिनेचा फोटो द्या. कव्हर काटकोनापेक्षा जास्त उघडू नका, पाठ तडकते.