प्रति: उद्दिष्टं कुठल्या चित्रात दाखवायची?
वर कुणी म्हटलंय की बीपीएमएन (कामाच्या पायऱ्या चित्रात मांडायची चिन्हपद्धत) येतच असेल तर धंद्याची उद्दिष्टंही त्यातच मांडा. मला नाही पटत. काम कोणत्या क्रमानं होतं ते बीपीएमएन दाखवतं. ते का करायचं, यासाठी त्यात चिन्हच नाही. त्यासाठी आय-स्टार (i*) ही उद्दिष्टं चित्रात मांडायची पद्धत बघा. एरिक यू यांनी टोरांटो विद्यापीठातल्या १९९५च्या प्रबंधात मांडलेली. 'ग्राहक खूश राहावा' असलं धड मोजता न येणारं उद्दिष्ट तिथे ढगाच्या आकारात काढतात (आकार अगदी समर्पक!), आणि कोणतं काम त्याला हातभार लावतं, कोणतं खोडा घालतं, ते बाणांवर लिहितात. वीसेक ढग जमले की मात्र चित्राचा गुंता होतो. आर्किमेट (संस्थेची रचना चित्रात मांडायची भाषा) वापरत असाल तर २.० आवृत्तीपासून त्यातही उद्दिष्टांची चिन्हं आहेत.