घोडा चढवला की चाप ओढला?

आडवाट
दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी एका काउबॉयपटाचं निवेदन लिहिते आहे. नायक रिव्हॉल्व्हर रोखतो, अंगठ्याने मागचा खटका मागे ओढतो, 'खट्' असा आवाज होतो. मी लिहिलं, 'तो घोडा चढवतो.' तपासणाऱ्यांनी 'चाप ओढतो' केलं. अहो, चाप ओढला तर गोळी सुटली! समोरचा त्यानंतर चार वाक्यं बोलतो. त्यांचं म्हणणं, त्या दृश्यात खरे घोडेही उभे आहेत, ऐकणारा गोंधळेल. काय करू?

गारगोटी
घोडाच बरोबर. १८७३ च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये दर गोळीआधी घोडा अंगठ्याने मागे ओढावाच लागतो, नुसता चाप दाबून काही होत नाही. त्याआधीच्या चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा धरलेला असे. चाप ओढला की तो पोलादावर आपटून ठिणगी पडे. लढाईलाही आपण चकमक म्हणतो ते त्या ठिणगीवरूनच, असं मला फार वाटतं.

मधलीसुट्टी
माझे मामा सैन्यात होते. ते कायम 'घोडा दाबला' म्हणायचे, म्हणजे बोटाखालचाच. गुंडपटांत तर घोडा म्हणजे अख्खं पिस्तूल. त्यामुळे 'घोडा चढवतो' ऐकून मला काहीच दिसलं नसतं. सरळ 'ट्रिगर' लिहा.

गारगोटी
पण तो ट्रिगर नाहीच, हाच तर मुद्दा आहे! मामांनी चुकीचं म्हटलं म्हणून शब्द बदलत नाही.

मधलीसुट्टी
वीस वर्षं बंदूक हाताळलेल्या माणसाचा शब्द चुकीचा कसा?

पूर्णविराम
ट्रिगर कशाला? चाप हा आपला शब्द. संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य. धनुष्य ओढतात, म्हणून चापही 'ओढतात'. 'चाप दाबला' ऐकलं की मला त्रास होतो.

आडवाट
पण केसांचा चाप? तो 'चापणे'वरून असणार, म्हणजे दाबणेच. आई चापून चोपून वेणी घालायची.

पूर्णविराम
केसांचा चाप वेगळा. परके शब्द घुसतात ते अशा ढिलाईमुळेच.

तिठा
परके म्हणाल तर बंदूक अरबीतून आली, तिथे 'बुंदुक' म्हणजे हेझलनट, त्यावरून छोटी गोळी. तोफ तुर्की, काडतूस पोर्तुगीज. सगळे काढले तर हाणामारी फक्त लाठीने करावी लागेल. आणि हल्लीच्या ग्लॉक पिस्तुलाला बाहेर घोडाच नसतो, तरी चित्रपटवाले रोखताना तो 'खट्' घालतातच. तिथे निवेदनात काय लिहिणार?

आडवाट
माझ्या रिव्हॉल्व्हरला घोडा आहे हो. 'अंगठ्याने घोडा मागे ओढतो' चालेल? दोन सेकंदांत बसवायचं आहे, उद्या सकाळी ध्वनिमुद्रण आहे.

पूर्णविराम
काडतूस पोर्तुगीज, हे मान्य. पण 'बार' तर आपलाच ना? बार काढणे, बार भरणे, फुसका बार...

तिठा
तो फारसीतला 'बार' असेल, ओझं या अर्थाचा. बंदुकीत दारूचा भार भरतात तो.

गारगोटी
छे, मग संस्कृत 'भार' का नको?