मदत हवी आहे: पाण्यात डाळ शिजत नाही, साबण फेसत नाही. सॉफ्टनर कोणता घेऊ?

माडाची_झाप
नमस्कार. जरा लवकर सांगा, रविवारी माणूस मशीन बसवायला येतोय. आमच्या नळाला पाणी फार जड येतं. तूरडाळ सात शिट्ट्यांनंतरही दाणा न् दाणा वेगळा. आंघोळीला साबण फेसतच नाही, अंगावर नुसता चिकटा राहतो. बादल्यांना पांढरे थर, गीझरची कॉइल गेली, केसांचा काथ्या झालाय. आधी असं नव्हतं. बजेट २५ हजार. सॉफ्टनर की आरओ? कंपनीचं नाव सांगा, बाकी उपदेश नको.

खाजण
गाव कुठलं? आणि नळ म्हणजे कसला? नळपाणी योजनेचा, विहिरीवरचा की बोअरचा?

माडाची_झाप
नळ म्हणजे नळ हो, स्वयंपाकघरातला! गाव वेंगुर्ले तालुक्यात. त्याचा सॉफ्टनरशी काय संबंध?

घाटावरचा
डोळे झाकून सॉफ्टनर बसवा. मी सोलापूरला आठ वर्षं वापरतोय. महिन्याला मिठाची एक गोणी ओतायची, विषय संपला.

तिरफळ
कोकणात जड पाणी? जांभ्या खडकातून झिरपलेल्या पाण्यात चुना नसतोच फारसा. आमच्या मालवणातल्या विहिरीच्या पाण्यात साबण धुता धुता दमायला होतं, इतका फेस. काहीतरी लपवताय तुम्ही. 😀

पाटावरवंटा
डाळीत चिमूटभर खायचा सोडा घाल गं, मऊ मेण होते. आणि आमसूल आधी घालत नाहीस ना? आंबट आधी पडलं तर गोड्या पाण्यातही डाळ आडमुठेपणा करते.

लिटमस
सोड्याने शिजते, पण डाळीतलं बी-१ जीवनसत्त्व जातं. रोजचा उपाय नव्हे. पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशीभित्तिकांतल्या पेक्टिनला बांधून ठेवतं, म्हणून ती फुटत नाही. धागाकर्तीने टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचं प्रमाण) तरी सांगावा.

माडाची_झाप
शेजाऱ्यांच्या मीटरने काल मोजला, १९०० च्या आसपास. म्हणजे आरओच ना?

घाटावरचा
१९००! सॉफ्टनर + आरओ दोन्ही.

लिटमस
थांबा. टीडीएस म्हणजे जडपणा नव्हे. मीठ विरघळलं तरी मीटर चढतो. जडपणा कॅल्शियम-मॅग्नेशियमचा, तो वेगळा तपासावा लागतो. पाणी चवीला कसं आहे?

माडाची_झाप
मचूळ. चहा फाटल्यासारखा होतो. पिण्यासाठी आम्ही योजनेचं पाणी भरून ठेवतो, ते एक दिवसाआड येतं.

खाजण
अहो मग वापरायचं पाणी कुठलं?? हेच तर पहिल्यापासून विचारतोय.

माडाची_झाप
टाकीतलं. टाकी बोअरवर भरते. मार्चमध्ये मारली, १८० फूट. खाडी दीडशे मीटरवर असेल. हे सांगायला हवं होतं का?

तिरफळ
आता कळलं! अगो, सासऱ्यांची बाव आसताना बोअर कित्याक मारलास? आमच्या परड्यातल्या बावीचा पाणी वैशाखातय गोडा. डाळ त्याच पाण्यात शिजता.

माडाची_झाप
विहीर आहे, तुम्हाला कसं कळलं? पंप जळला, झावळ्या पडून पडून आत कुजल्या. साफ करायला माणूस मिळेना, म्हणून मिस्टरांनी बोअर काढली.

लिटमस
खाडीकाठी गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल तर ढोबळमानाने ४० मीटर खालपर्यंत गोडं. तुमची बोअर ५५ मीटर खोल. वैशाखात उपसा चालू ठेवला की खालचं खारं वर ओढलं जातं. त्यासोबत मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि क्लोराइडही. हा जडपणा उकळून जात नाही, आणि तुरटीने तर मुळीच नाही.

सॉफ्टनर काय करेल? कॅल्शियम काढून सोडियम घालेल. साबण फेसेल, थर बसणार नाही. पण मीठ तसंच, उलट सोडियम वाढलेला. मचूळपणा जाणार नाही, गीझर गंजायचा राहणार नाही. घाटावर खडकातला चुना असतो, तिथे ते यंत्र उत्तम. तुमच्याकडे आजारच वेगळा.

घाटावरचा
म्हणजे माझी आठ वर्षं वाया? काहीही.

लिटमस
तुमची नाही हो. त्यांचे २५ हजार.

सागरगोटा
जड पाण्याने मुतखडे होतात, आमच्या काकांना दोनदा झाले. आधी पिणं बंद करा.

खाजण
त्या पिणारच नाहीयेत, वाचा ना. आणि उन्हाळ्यात घाम गाळून पाणी कमी पिण्याने खडे होतात, त्याचा दोष विहिरीला कशाला?

पाटावरवंटा
तोवर केसांना शिकेकाई-रिठा लाव. त्यांचा साबणासारखा दही-दही थर बसत नाही. बादल्यांना लिंबूसत्त्वाचं पाणी लावून अर्धा तास ठेव.

खाजण
यादी करून कामाला लागा. बोअर आणि विहीर दोन्ही पाणी तपासा, जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी प्रयोगशाळा असते. रासायनिक तपासणीला स्वच्छ बाटलीत १ लिटर. जंतूंसाठीची निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच घ्या. जडपणा, क्लोराइड, टीडीएस, पीएच मागा. भारतीय मानकात जडपणा २०० पर्यंत चांगला, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. क्लोराइड २५० आणि १०००. (सगळे मिलिग्रॅम प्रति लिटर.)

माडाची_झाप
बघते. सॉफ्टनरवाल्याला पुढच्या रविवारवर ढकललं. तो म्हणतो, ऑफर संपेल.

*(दोन आठवड्यांनी)*

माडाची_झाप
रिपोर्ट आले. बोअर: जडपणा ६४०, क्लोराइड ९००, टीडीएस १९८०. विहीर: जडपणा ३८, टीडीएस ८०, पीएच ६.२. विहिरीत जंतू निघाले, ते साहजिकच, वर्षभर कोणी डोकावलं नव्हतं. गेल्या आठवड्यात दोन गड्यांनी ती उपसली, गाळ काढला. झावळ्यांसोबत तांब्याची एक कळशीही निघाली, सासूबाईंना ती हरवल्याचं आठवतंय. आता टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलंय, थांबून पुन्हा नमुना देणार.

लिटमस
पीएच थोडा कमी आहे, जांभ्यातल्या पाण्यात असतो तसा. पितळेचे नळ कालांतराने हिरवे पडले तर दचकू नका. बोअर माडांना द्या, माड खारं सोसतो. सुपारीला मात्र देऊ नका. आणि बोअरवर सारखा पंप चालवू नका, नाहीतर शेजारच्या विहिरींपर्यंत खारेपणा पोचेल.

तिरफळ
मिया पयल्यांदा काय सांगितलं होतं?

पाटावरवंटा
डाळ शिजली का ते सांगितलंस नाही.

माडाची_झाप
चार शिट्ट्या, सोडा न घालता. उकळून थंड केलेलं विहिरीचं पाणी वापरलं.

सागरगोटा
त्या कळशीला कल्हई लागेल. कुडाळला कल्हईवाला अजून येतो का कोणाला माहीत आहे?

घाटावरचा
मी तरी म्हणेन, सॉफ्टनर बसवाच.