मानवयुग फेटाळलं ते "बरं झालं" कसं?

तापीकाठ, धुळे: काल इथे एका सरांनी लिहिलं, "मानवयुग नाकारलं ते बरं झालं, पर्यावरणवाल्यांचं खूळ होतं." खूळ कसलं? मानवयुग (अँथ्रोपोसीन) म्हणजे माणसाने पृथ्वी बदलली म्हणून सुचवलेलं नवं भूवैज्ञानिक युग; त्यासाठी 2009 पासून शास्त्रज्ञांचा कार्यगट राबला. कॅनडातल्या क्रॉफर्ड तळ्यात गाळाचा दरवर्षी वेगळा थर बसतो, त्यात अणुचाचण्यांचं प्लुटोनियम दाखवलं. मार्च 2024 मध्ये भूवैज्ञानिकांच्या उपसमितीने हे युग 12 विरुद्ध 4 मतांनी फेटाळलं. मतदानाने प्लुटोनियम जातं का?

भूगोलवाला, चोपडा: खूळ मीच म्हणालो, अजूनही म्हणतो. प्लुटोनियम कोण नाकारतंय? युग 1950च्या आसपास सुरू झालं म्हणायला माझा विरोध आहे. सध्याचं युग, होलोसीन, 11,700 वर्षांचं, आणि हे सत्तर-पंच्याहत्तर वर्षांचं! नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रकाशा गावात तापीकाठी ताम्रपाषाण काळातली (तांब्या-दगडाची हत्यारं वापरणाऱ्यांची) वस्ती सापडली. ती माणसं जमिनीला हात न लावता जगली का?

केळीवाला, रावेर: सर, आमच्या शेतात या. वडील ज्या विहिरीवर मोट हाकायचे ती आज कोरडी. परवा पाइपलाइनसाठी चारी खोदली तर जुन्या मल्चिंगच्या (जमीन झाकायच्या प्लास्टिकच्या) चिंध्या, त्यावर पुराचा गाळ, वर ठिबकच्या नळीचे तुकडे आणि केळीच्या घडाला घालायच्या स्कर्टिंग बॅगा. थर थर म्हणता तो हाच ना?

बंधारा, शिरपूर: विहीर कोरडी कोणी केली भाऊ? बोअर तुमचेच, केळी तुमचीच.

केळीवाला, रावेर: मग काय ज्वारी पेरू? भाव तुम्ही देणार? केळीवर आमची घरं उभी राहिली, पोरं शिकली. गावात बसून शहाणपण शिकवू नका!

बंधारा, शिरपूर: गावात नाही, वावरातच असतो मी. आमच्याकडे नाले खोल-रुंद करून बंधारे घातले, विहिरींना पाणी चढलं. माणूस उपसतो तसा भरतोही. उपसा आधी आटोक्यात आणा, युगाचं नंतर बघू.

तापीकाठ, धुळे: पाण्याचा वेगळा धागा काढा हो! सर, 2018 मध्ये होलोसीनचा शेवटचा भाग म्हणून मेघालयन काल मान्य झाला, तो मेघालयातल्या गुहेतल्या चुन्याच्या खांबावरून. तिथे दुष्काळाची खूण चालली, मग माणसाची का चालत नाही?

भूगोलवाला, चोपडा: कारण तो दुष्काळ 4,200 वर्षांपूर्वीचा, आपण त्याच्याकडे लांबून बघतो. या बदलात आपण अजून उभे आहोत. रावेरच्या चारीतला थर मात्र खरा, तेवढं मानतो. काही भूवैज्ञानिक याला युग न म्हणता हजारो वर्षं चाललेली घटना म्हणतात. त्यात प्रकाशाही बसतं आणि स्कर्टिंग बॅगही. त्याला माझी हरकत नाही. 1950ची रेघ मात्र मी ओढू देणार नाही.