अठरा मिनिटांचा भयपट महोत्सवाला पाठवण्यापूर्वी कापावा का?

प्रश्न
आम्ही चौघांनी एकाच खोलीत, दोन कलाकारांना घेऊन, तीन रात्रींत एक भयपट चित्रित केला असून त्याची लांबी १८ मिनिटे आहे. कमी खर्चातील भय आणि विज्ञानकथा लघुपटांच्या एका महोत्सवाला तो पाठवायचा आहे. तेथील मर्यादा २० मिनिटांची असूनही मित्र तो कापण्याचा सल्ला देतात. शेवटी दिसणारी, संगणकावर तयार केलेली आकृती मात्र आम्हालाच खोटी वाटते. निकाल लागेपर्यंत चित्रपट यूट्यूबवर ठेवता येईल का?

उत्तर १
अशा एका महोत्सवासाठी मी दोन वर्षे प्रवेशिका पाहिल्या आहेत. नियमात बसणे वेगळे आणि कार्यक्रमात बसणे वेगळे. ऑस्करच्या व्याख्येनुसार श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपटच ठरतो. परंतु ९० मिनिटांच्या सत्रात तुमचा चित्रपट घ्यायचा, तर सहा-सहा मिनिटांचे तीन चित्रपट बाहेर ठेवावे लागतात, आणि ते तिन्ही बरे असतील तर निवड करणाऱ्याचा हात अडखळतोच.

काय कापावे हे चित्रपट न पाहता सांगणे धाडसाचे आहे, तरी सुरुवातीकडे संशयाने पाहा. नायिका गाडीतून उतरते, किल्ली शोधते, कुलूप उघडते, दिवा लावते आणि तोवर तीन मिनिटे सरतात, असे चित्रपट मी इतके पाहिले की पुढे किल्ली दिसली तरी मला धास्ती वाटू लागे (दिग्दर्शकाला अपेक्षित असलेली नव्हे).

यूट्यूबचे म्हणाल, तर काही महोत्सव आधी प्रदर्शित झालेला चित्रपट स्वीकारत नाहीत. नियमावली वाचा आणि तोवर पासवर्ड असलेली खाजगी लिंक द्या. तो पासवर्ड मध्येच बदलू नका. एक चांगली प्रवेशिका केवळ त्यामुळे आम्हाला उघडताच आली नव्हती.

उत्तर २
अंधाराबद्दल तुम्ही विचारले नाही, पण रात्रीचे चित्रण आहे म्हणून लिहितो. आठ बिटच्या, म्हणजे रंगांच्या मोजक्याच छटा साठवणाऱ्या, फाइलमध्ये भिंतीवरून काळोखात विरत जाणारा उजेड मोठ्या पडद्यावर पायऱ्यापायऱ्यांनी तुटलेला दिसतो, शिवाय प्रोजेक्टरचा काळा रंग पुष्कळदा राखाडीच असतो. अंतिम प्रतीत किंचित ग्रेन (चित्रावरचा बारीक दाणेदारपणा) मिसळल्यास त्या पायऱ्या झाकल्या जातात. ध्वनिमिश्रण हेडफोनवर केले असेल तर ते स्पीकरवर पुन्हा ऐका, कारण कानाशी स्पष्ट वाटणारी कुजबुज सभागृहात हरवते आणि तिच्यामागून येणारी किंकाळी नुसती कर्कश वाटते.

उत्तर ३
ती आकृती काढून टाका. दाराबाहेर पावले थांबल्याचा आवाज आणि आतल्या माणसाचा चेहरा, एवढ्यावर प्रेक्षक स्वतःच्या मनातले भूत उभे करतो. विज्ञानकथेलाही हेच लागू आहे: क्रिस मार्कर यांचा ‘ला जेते’ (१९६२) हा कालप्रवासावरचा २८ मिनिटांचा चित्रपट जवळजवळ संपूर्णपणे स्थिर छायाचित्रांतून उभा केलेला आहे.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. आमच्याही चित्रपटात किल्ली आहे, आणि ती शोधण्यात ४० सेकंद जातात. आता चित्रपट दार आतून बंद होते तेथूनच सुरू होईल. कच्चे संकलन ११ मिनिटांवर आले आहे. आकृती काढली, परंतु दाराबाहेरच्या पावलांचे ध्वनिमुद्रण नव्याने करावे लागेल, कारण चित्रणाच्या वेळी तिथे उभा असलेला आमचा सहकारी अनवाणी होता.