सल्ला हवा: विद्यापीठाच्या संगीत विभागाची लायब्ररी उभी करायचीय, सुरुवात कुठून करू?

कोमल_रिषभ

नमस्कार मंडळी. मुंबईतल्या एका विद्यापीठाच्या संगीत विभागात जूनपासून ग्रंथपाल म्हणून लागलेय. आधी आठ वर्षं कॉमर्स कॉलेजच्या लायब्ररीत होते, त्यामुळे दाखल नोंदवही, कोहा (लायब्ररीचं सॉफ्टवेअर), खरेदीआधीची तीन कोटेशनं हे सगळं अंगवळणी पडलेलं आहे, पण संगीताची लायब्ररी वेगळीच असते हे पहिल्याच आठवड्यात कळलं. एम.ए.ची एक मुलगी आली, म्हणाली मॅडम तोडीतली एक बंदिश हवीय, आणि मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) गुणगुणून दाखवला. पुस्तकाचं नाव माहीत नाही, लेखक माहीत नाही. आमच्या कॅटलॉगमध्ये फक्त पुस्तकाचं नाव आणि लेखक. ती हात हलवत परत गेली आणि मला दिवसभर चैन पडलं नाही.

सध्या आहे ते असं: दोन कपाटं, साधारण सहाशे पुस्तकं (निम्मी हिंदी), थोड्या सीड्या, कव्हर नसलेल्या कॅसेटींचा एक खोका. चार लाखांचं अनुदान आलंय, ३१ मार्चच्या आत खर्च व्हायला हवं. सरांचं म्हणणं पुस्तकं आणि सीड्या घेऊन मोकळे व्हा.

आणि दुसरं म्हणजे गिरगावातल्या एका चाळीतून फोन आला. तिथले एक आजोबा गेल्या वर्षी वारले, आयुष्यभर मैफिली ऐकत फिरले, त्यांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या, एलपी, जवळजवळ पाचशे कॅसेट आणि काही स्पूल (मोठ्या चक्रीवरच्या टेप) घरात आहेत. चाळ रिडेव्हलपमेंटला गेलीय, दिवाळीच्या आत खोली रिकामी करायचीय. आजी म्हणाल्या, भंगारवाल्याला द्यायला जीव होत नाही. घेऊ का? घेतलं तर ठेवू कुठे? आणि पुस्तकांत आधी काय घ्यावं?

दाखलांक

ताई, घ्या. आधी हो म्हणून कळवा आणि मग बाकीचा विचार करा. मी सव्वीस वर्षं ग्रंथालयात काढली, त्यातली शेवटची अकरा संगीताच्या, म्हणून सांगतो. छापलेलं पुस्तक आज नाही मिळालं तर पुढच्या वर्षी मिळेल, दुसऱ्या लायब्ररीतून आणता येईल. दिवाणखान्यातल्या बैठकीची घरी केलेली कॅसेट जगात एकच असते, ती गेली की गेली.

पण टेम्पो घेऊन थेट उचलायला जाऊ नका. आधी नुसतं बघायला जा आणि कपाट जसं लावलेलं आहे तसे फोटो काढा, एकेका फळीचे. आजोबांनी कॅसेटी कुठल्या क्रमाने लावल्या होत्या त्यालाही अर्थ असतो, घराण्याप्रमाणे असतील, साल धरून असतील, कुणाच्या घरी बैठक झाली त्यावरून असतील. खोक्यात भरल्या की तो क्रम गेला. कव्हरच्या आतल्या चिठ्ठ्या, कार्यक्रमपत्रिका, जुन्या डायऱ्या सगळं बरोबर घ्या. आणि आजींशी बोला, फोनवर रेकॉर्ड करा (त्यांना विचारून). कोण कुणाबरोबर तबल्याला बसलं होतं हे त्यांना आठवत असेल तर ते आत्ताच लिहून घ्यायला हवं.

दानपत्र करा साध्या कागदावर का होईना: काय दिलं, किती नग, विद्यापीठाने जतनासाठी डिजिटल प्रत करायला हरकत नाही, विद्यार्थ्यांना ऐकवायला हरकत नाही, सगळ्या वारसांच्या सह्या. हे नसलं की दहा वर्षांनी कुणीतरी पुतण्या येतो आणि सगळं परत मागतो, एका संस्थेत माझ्या डोळ्यांसमोर घडलंय.

सप्तक७८

एवढं रेकॉर्ड करून सरळ यूट्यूबवर टाका ना, सगळ्यांनाच ऐकायला मिळेल, लायब्ररीत कोण येतंय आता

दाखलांक

@सप्तक७८, भावना समजतो पण असं करता येत नाही. प्रकाशित ध्वनिमुद्रणावर आपल्याकडे प्रकाशनानंतर साठ वर्षं हक्क असतो, तेव्हा १९६० च्या आधी बाजारात आलेल्या तबकड्या त्यातून सुटल्या. पण खाजगी मैफिलीत गाणाऱ्याचा स्वतःचा हक्क असतो, तो पन्नास वर्षांचा, म्हणजे १९८५ ची बैठक अजून त्यात आहे. शिवाय बंदिशीच्या रचनाकाराचा वेगळा. हयात कलाकार असेल तर जाऊन भेटा, नसेल तर घरच्यांना भेटा, बहुतेक लोक आनंदाने लेखी परवानगी देतात, फक्त कुणी विचारलेलं नसतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःकडे असलेल्या वस्तूची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायची मुभा आहे, विद्यापीठाच्या ग्रंथालयाला ते कसं लागू करायचं हे तुमच्या विधी विभागाकडून लेखी घेऊन फाइलला लावा. ऐकवायचं ते लायब्ररीतच, हेडफोनवर.

टेप_हेड

कॅसेटींबद्दल सांगतो, हेच काम करतो.

पाचशे कॅसेट सी-९० धरल्या तर साडेसातशे तास. कॅसेट डिजिटल करायला ती जेवढी लांब तेवढाच वेळ लागतो, दुसरा उपाय नाही, दुप्पट वेगाने करून देतो म्हणणाऱ्याला देऊ नका. रोज पाच तास चालवलं तर दीडशे दिवस, म्हणजे अख्खं शैक्षणिक वर्ष. हे आधीच सरांना सांगून ठेवा नाहीतर दोन महिन्यांनी विचारतील झालं का.

२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. तासाला साधारण दोन जीबी, म्हणजे सगळं मिळून दीड टीबीच्या आसपास. हे काही फार नाही, चार टीबीच्या तीन हार्ड डिस्क घ्या, एक लायब्ररीत, एक विद्यापीठाच्या सर्व्हरवाल्यांकडे, एक दुसऱ्या इमारतीत. एमपीथ्री फक्त ऐकवायला, मूळ म्हणून कधीच नाही. आणि सीडीवर उतरवून ठेवू नका, घरी बर्न केलेल्या सीड्या आपल्या हवेत किती दिवस टिकतील ह्याचा भरवसा नाही.

कॅसेट लावायच्या आधी मागची दोन प्लास्टिकची कानं तोडा म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा. आतला स्पंजचा तुकडा गळला असेल तर फीत स्क्रूवाल्या नव्या डबीत घालायची, सोपं काम आहे. दर कॅसेटला हेडचा (मशीनमधला फीत वाचणारा भाग) स्क्रू फिरवून कोन जुळवावा लागतो कारण ती ज्या मशीनवर रेकॉर्ड झाली त्याचं हेड थोडं तिरकं असू शकतं, हे केलं नाही तर आवाज कांबळं पांघरल्यासारखा येतो आणि लोक म्हणतात कॅसेटच खराब आहे. कॅसेट खराब नसते हो, आपण ऐकायला कमी पडतो.

बुरशी दिसली (पांढरी पावडर, फितीच्या कडेवर) तर ती कॅसेट वेगळ्या पिशवीत. बाकीच्यांबरोबर नको आणि मशीनला तर अजिबात लावू नको, सगळीकडे पसरते.

तबकड्या उभ्या ठेवा, आडव्या थप्पीने नाही. ७८ ची खाच रुंद असते, तिला एलपीची सुई चालत नाही, वेगळी लागते. आणि कृपा करून स्पिरिटने पुसू नका!! लाखेची तबकडी अल्कोहोलमध्ये विरघळते. कुणीतरी उत्साहाने पुसायला घेतलेली थप्पी मी पाहिलीय, अजून वाईट वाटतं.

कलिना_लोकल

ठेवायचं कुठे ह्यावर एकच: तळमजला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला तेव्हा आम्ही ज्या संस्थेत होतो तिथली रेकॉर्डिंगची खोली तळमजल्यावर होती. स्पूल पाण्यावर तरंगत होते. वरच्या मजल्यावर जागा मागा, बाथरूमच्या भिंतीला लागून नको, गच्चीच्या खाली पण नको (गळतं).

दिवसा एसी आणि रात्री बंद हे सर्वात वाईट, दमटपणा वर-खाली होत राहतो. त्यापेक्षा एसी नसला तरी चालेल, डीह्युमिडिफायर चोवीस तास चालू ठेवा. अनुदानातून तेच आधी घ्या असं मी म्हणेन. पुस्तकांच्या कपाटाचं पण त्यातच भलं आहे.

मध्यलय

मी गाणं शिकते आणि संशोधन करते म्हणून वापरणाऱ्याच्या बाजूने लिहिते. ती तोडीवाली मुलगी म्हणजे आम्ही सगळेच आहोत :) आम्हाला पुस्तकाचं नाव आठवत नाही, मुखडा आठवतो. त्यामुळे कॅटलॉगमध्ये बंदिशीच्या पहिल्या ओळीची सूची असेल तर तुमची लायब्ररी मुंबईत सगळ्यात उपयोगाची होईल. राग, ताल, लय, मुखडा आणि रचनाकाराची मुद्रा (बंदिशीत गुंफलेलं त्याचं टोपणनाव). सदारंग, प्रेमपिया, चतुर, सुजन, गुणिदास, रामरंग ह्या मुद्रांवरून शोधता आलं पाहिजे. गुणिदास म्हणजे जगन्नाथबुवा पुरोहित हे कॅटलॉगला कळलं पाहिजे.

रागांची नावं पण एका यादीत बांधून घ्या, मियाँमल्हार, मियाँ की मल्हार, मिया मल्हार हे तीन वेगळे राग म्हणून पडले की झालं. तबकडीवर इंग्रजीत कसंही लिहिलेलं असतं, ते जसं आहे तसं नोंदवा पण शोधायला एकच नाव. आणि साथीदार विसरू नका. तबला, पेटी, सारंगी कुणाची हे नसलं तर तबल्याचे विद्यार्थी त्या रेकॉर्डिंगपर्यंत कधीच पोचत नाहीत.

जुन्या तबकड्यांत काही ठिकाणी शेवटी गायक स्वतःचं नाव सांगतो, तेही ऐकून नोंदवा. गायिका गौहरजानचं १९०२ पासूनचं रेकॉर्डिंग प्रसिद्धच आहे त्यासाठी.

पुस्तकांत स्वरलिपी कुठली तेही लिहा प्लीज. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक आणि पलुस्कर पद्धतीत तेच टिंब म्हणजे मंद्र (खालचं)! पहिल्या वर्षाची मुलं ह्यावर हमखास अडखळतात, मी पण अडखळले होते.

दाखलांक

मध्यलय ताई अगदी बरोबर. कोहात ह्याला जागा आहे, नोंदीच्या प्रत्येक रकान्याला ठरलेला नंबर असतो: ५११ मध्ये कलाकार, ५१८ मध्ये कुठे कधी, ५०५ मध्ये एकेक चीज (बंदिश), ०२८ मध्ये तबकडीचा नंबर, आणि प्रत्येक साथीदाराला ७०० ची वेगळी नोंद. मुखड्यासाठी ७४० वापरा. ड्यूई वर्गीकरणातला संगीताचा वर्ग ७८० युरोपच्या संगीताच्या सोयीने आखलेला आहे, त्यात घराणी बसवताना फार ओढाताण होते, तेव्हा वर्गांकावर जास्त जीव टाकू नका, नोंदीवर टाका.

पुस्तकांबद्दल माझं मत, वाद घाला हवं तर. भातखंड्यांची क्रमिक पुस्तक मालिका सहा भाग, प्रत्येकाच्या पाच पाच प्रती, कारण तीच रोज लागते आणि फाटते. बाजारात हाथरसची हिंदी आवृत्ती मिळते, पण वाळकेश्वरला जन्मलेल्या त्या माणसाने हे मराठीत लिहिलंय, तेव्हा मूळ मराठी जुन्या प्रती जिथे दिसतील तिथे घ्याच, एकच मिळाली तरी. विनायकबुवा पटवर्धनांचं राग विज्ञान सात भाग, रामाश्रेय झांची अभिनव गीतांजलि पाच भाग, सुब्बरावांचं रागनिधि चार भाग. वामनराव देशपांड्यांचं घरंदाज गायकी. अशोक रानड्यांचं जे मिळेल ते सगळं, मराठी आणि इंग्रजी, १९६८ ते ८३ ते मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे संचालक होते, मुंबईतल्या संगीत विभागात त्यांची पुस्तकं अपुरी असणं बरं नाही.

इंग्रजी संदर्भात गार्लंडच्या जागतिक संगीताच्या विश्वकोशाचा पाचवा खंड, दक्षिण आशियाचा. ग्रोव्ह ह्या संगीतकोशाचे २९ खंड छापील घेऊ नका, जागा आणि पैसे दोन्ही जातात, ऑनलाइन सेंट्रल लायब्ररीकडून मिळतंय का बघा. पाश्चात्त्य स्टाफ नोटेशनचं काही लागलं तर धोबीतलावला फुर्टाडोजचं दुकान आहे.

जुन्या पुस्तकांना तीन कोटेशनं येणार नाहीत, त्यासाठी ग्रंथालय समितीकडून आत्ताच ठराव करून घ्या, फेब्रुवारीत धावाधाव नको.

मध्यलय

थोडा वाद घालते :) पाच प्रती फक्त पहिल्या तीन-चार भागांच्या, पाचवा-सहावा दोन दोन पुरेत. वाचलेल्या पैशांत रागा गाइड घ्या, ७४ राग आणि सोबत चार सीड्या, नवीन मुलांना कानाने ओळख व्हायला फार चांगलं आहे.

दाखलांक

मान्य.

कोमल_रिषभ

मंडळी, काल गिरगावला जाऊन आले. तुम्ही सांगितलं तसे आधी फोटो काढले, फळीफळीचे. कॅसेटी सालाप्रमाणे नाहीत, रागाप्रमाणे पण नाहीत. आजी म्हणाल्या वेळेप्रमाणे आहेत, सकाळचे राग खिडकीजवळच्या फळीवर, रात्रीचे दाराकडे, कारण आजोबा उठले की खिडकीतली कॅसेट लावायचे. मी खोके घेऊन गेले असते तर हे कधीच कळलं नसतं. आता प्रत्येक कॅसेटला फळीचा नंबर देऊनच उचलणार.

बहुतेक चिठ्ठ्यांवर पेन्सिलीने तारीख, कुणाच्या घरी, तबला-पेटी कोण, सगळं मोडीच्या वळणाच्या अक्षरात लिहिलंय. आजींनी चाळीस एक चिठ्ठ्या वाचून दाखवल्या, तास-दीड तासाचं रेकॉर्डिंग झालं. दानपत्रावर दोन्ही मुलं सही करणार आहेत, पुण्याची मुलगी कुरियरने पाठवणार.

सरांशी बोलले. तिसऱ्या मजल्यावरची खोली मिळतेय, डीह्युमिडिफायर आणि हार्ड डिस्क मंजूर, पुस्तकांना उरलेले. दीडशे दिवसांचा हिशोब दाखवला तेव्हा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले एम.ए.च्या मुलांना पाळीने बसवू, ऐकणं पण होईल.

अडचण एकच उरलीय, चांगला कॅसेट डेक कुठे मिळेल? रिदम हाऊस हे संगीताचं दुकान २०१६ लाच बंद झालं, चोर बाजारात बघितलं पण चालू आहे की नाही कळत नाही.

टेप_हेड

चोर बाजारातून घेऊ नका, मी घेऊन आलो तर चालेल का? माझ्याकडे तीन हेडवाला एक जास्तीचा आहे, बेल्ट आणि रोलर नवीन घातलेत, वर्षभर वापरा. शनिवारी येतो, दोन मुलांना तुमच्याबरोबर बसवा, हेडचा स्क्रू कसा जुळवायचा ते दाखवतो. खिडकीजवळच्या फळीवरची एखादी कॅसेट काढून ठेवा, सकाळी येईन.